वंगणपुराण

आमच्या वाशीमला इतिहास भरपूर आहे. टंचाई आहे ती पाण्याची. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. चौथ्या शतकात सर्वसेनानं इथं गादी मांडली, पाचव्या शतकात त्याच्या वंशातल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची कितीतरी लेणी कोरली गेली, आणि पुढची पंधराशे वर्षं आम्ही त्याच भांडवलावर बोलत आलो आहोत. राजशेखर पंडितानं तर आपल्या 'काव्यमीमांसे'त लिहून ठेवलंय की काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न विदर्भातल्या वत्सगुल्म नगरीत लागलं. म्हणजे साक्षात साहित्याचं बोहलं आमच्या गावात! तेव्हा वाशीमच्या माणसानं लेखणी उचलली, तर विषय कोणता म्हणून कोणी विचारू नये. मी मोटारीच्या इंजिनात कोणतं तेल घालावं या विषयावर लिहिणार आहे.

विषय मी निवडलेला नाही, तो माझ्यावर सांडला. माझ्या पुतण्यानं टर्बो पेट्रोल इंजिनाची गाडी घेतली. दिसायला ती चारचौघींसारखीच, पण पायाखालचं पेडल जरा दाबलं की माणूस पाठीमागं सीटला चिकटतो आणि पोटातला चहा क्षणभर जागीच राहतो. या गाडीला सिंथेटिक ऑइल कोणतं घालायचं यावरून घरात तट पडले. पुतण्याचं म्हणणं, शर्यतीच्या गाड्यांना घालतात तेच. माझ्या थोरल्या भावाचं, म्हणजे दादाचं म्हणणं, ट्रॅक्टरला घालतो तेच. वाद वाढला तेव्हा तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस म्हणून मला लवाद नेमण्यात आलं. इतिहासाच्या मास्तरला का, असं मीही विचारलं. विज्ञानाचे मास्तर मुलाकडे पुण्याला गेलेले होते.

आता या वादात खरं काय अडकलं होतं तेही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, रिकामटेकड्यांचा उद्योग. वहिनींना दर तीन महिन्यांनी नागपूरला हृदयाच्या डॉक्टरांकडे न्यावं लागतं. पूर्वी हा दिवसभराचा वनवास होता. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा पहिला ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, आणि आता शेलूबाजारला रस्त्यावर चढलं की नागपूर तीन तासांत. पण तो रस्ता म्हणजे ताशी १२० ची मुभा, वर वैशाखाचं ऊन, आणि मैलोगणती ना झाड, ना टपरी, ना मिस्त्री. तिथं इंजिन बसलं तर गाडी ढकलायला माणूससुद्धा मिळायचा नाही. वहिनी स्वतः या चर्चेत एकदाच बोलल्या. "काही बी घाला, पण मले उन्हात उभं नका करू." लवादाला इतकं स्पष्ट निवेदन दुसऱ्या कुठल्याही पक्षकाराकडून मिळालं नाही.

लवादानं आधी पूर्वपीठिका तपासावी अशी पद्धत आहे. म्हणून मी वंगणाच्या इतिहासात शिरलो आणि मला तिथून बाहेर काढायला घरच्यांना पंधरा दिवस लागले.

जगातला पहिला ऑइलमन इजिप्तमध्ये सापडतो. जेहुतीहोतेप नावाच्या एका सरदाराच्या थडग्यात सुमारे ३९०० वर्षांपूर्वीचं चित्र आहे. एक प्रचंड पुतळा घसरगाडीवर ठेवलाय, दीडशेच्या वर माणसं दोर धरून ओढतायत, आणि पुतळ्याच्या पायाशी एक गृहस्थ ऐटीत उभा राहून पुढच्या वाळूवर मडक्यातून काहीतरी ओततोय. बाकीच्यांना घाम फुटलाय आणि याच्या हातात फक्त मडकं! कित्येक वर्षं पंडित म्हणत होते की हा काहीतरी धार्मिक विधी असावा. शेवटी २०१४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या पदार्थविज्ञानवाल्यांनी प्रयोग करून दाखवलं की वाळू बेताची ओली केली तर ओढायला जवळजवळ निम्मा जोर लागतो. बेताची, हं. पाणी कमी पडलं तरी वाया, जास्त झालं तरी वाया. योग्य जाडीच्या तेलाचा झगडा असा पार फॅरोच्या काळापासून चालत आलेला आहे.

आमच्या वऱ्हाडात वंगणाचं राज्य बंडीखाली होतं. लाकडी चाक, लोखंडी आस, आणि खाली टांगलेला वंगणाचा नळा. त्यात एरंडेल, नाहीतर करंजाचं तेल, आणि जळक्या चिंध्यांची काजळी कालवून केलेला एक काळाकुट्ट लगदा. (आमच्या जिल्ह्यातल्या कारंज्याचं नाव या झाडावरून नव्हे, करंज ऋषींवरून पडलं असं परंपरा सांगते. ऋषींचा मान ठेवून मी हा विषय इथंच सोडतो.) तो लगदा कपड्याला लागला की कपडा फाटेपर्यंत डाग जात नसे. लहानपणी आम्हा भावंडांच्या सदऱ्यांवर हे डाग ठरलेले. बंडीला वंगण नसलं की तिचं रडणं दोन शेतं ओलांडून ऐकू येई, आणि ऐकणारा बंडीला नव्हे, मालकाला शिव्या देई.

पण 'हाय परफॉर्मन्स' म्हणतात ती गाडी आमच्याकडे मोटारीच्या कितीतरी आधीपासून आहे. तिचं नाव शंकरपटाची छकडी. माणूस कसाबसा टेकेल इतकी जागा, वजन जेमतेम, पुढं तुपावर वाढलेली जोडी, आणि वर शेपट्या पिरगाळणारा धुरकरी. जोड्यांचा निकाल सेकंदाच्या तुकड्यांवर लागतो. या छकडीच्या वंगणाबद्दल जी गुप्तता पाळली जाते तशी अणुबॉम्बच्या सूत्राबद्दलही पाळली गेली नसेल. कोणी एरंडेलात लोणी घाली, कोणी आणखी काही. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये कायद्यावर शिक्कामोर्तब झालं. मधल्या सात-आठ वर्षांत जाणत्यांचं ते वंगणशास्त्र बुडतं की काय अशी मला धास्ती होती.

एरंडेल म्हटलं की माझ्या पिढीच्या माणसाचं तोंड आपोआप वाकडं होतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी वाटीत कोमट एरंडेल, वर चहाचा घोट, नाक दाबलेलं आणि दार अडवून उभी असलेली आजी. ही शिक्षा फक्त आपल्याच वाट्याला आली असं मी साठ वर्षं समजत होतो. वंगणाच्या इतिहासात शिरलो आणि कळलं, पहिल्या महायुद्धातले शूर वैमानिक याच वाटेनं गेलेत. त्यांच्या विमानांना जी फिरती इंजिनं असत, त्यांत तेल एकदा जाई ते परत येत नसे. थेट बाहेर फेकलं जाई. खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून पातळ होई, एरंडेल तसं सहजी विरघळत नाही, म्हणून या इंजिनांना एरंडेलच लागे. आणि उघड्या विमानात त्याचे फवारे वैमानिकाच्या नाकातोंडात. शत्रूवर झडप घालावी की खाली उतरून आडोसा गाठावा, अशा पेचात त्या बिचाऱ्यांनी युद्ध लढलं. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात हे कुठंच नाही. असतं तर माझ्या वर्गात पहिलं महायुद्ध कोणी विसरलं नसतं.

याच एरंडेलावर लंडनच्या एका व्यापाऱ्यानं साम्राज्य उभं केलं. चार्ल्स वेकफील्ड. १८९९ मध्ये त्यानं रेल्वेची आणि कारखान्यांची वंगणं विकायची कंपनी काढली. पुढं मोटारी आणि विमानं आली तेव्हा खनिज तेलात एरंडेल मिसळून नवं तेल केलं, आणि एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून, म्हणजे कॅस्टरवरून, १९०९ मध्ये त्याचं नाव ठेवलं कॅस्ट्रॉल. मोटारीच्या दुकानातला तो रुबाबदार डबा म्हणजे आपल्या आजीच्या वाटीचा सख्खा नातू! वेकफील्ड पुढं लंडनचा लॉर्ड मेयर झाला. आमच्या आजीला यातलं काही मिळालं नाही.

एरंडेलात एक खोड होती. तापलं की ते चिकट होऊन बसे, आणि इंजिन वरचेवर खोलून खरवडावं लागे. शर्यतीपुरतं ठीक, रोजच्या संसाराला नाही. म्हणून जमिनीतल्या तेलाचं फावलं.

इथं मला कापूस आडवा आला. वऱ्हाडात कुठल्याही विषयाचा इतिहास खणा, दोन हातांवर कापूस लागतोच. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालली होती, गुलामांच्या घामावर पिकणारा तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. पुढं जिनं आली, प्रेस आले, आणि त्यांच्याबरोबर तेलाची कुपी घेऊन फिरणारा ऑइलमन आला. आता गंमत अशी की, त्याच अमेरिकेत केंटकीतल्या गुलामगिरीतून कॅनडात पळालेल्या एका जोडप्याचा मुलगा होता, एलायजा मॅकॉय. एडिंबरोला जाऊन यंत्रविद्या शिकून आला, पण काळ्या माणसाला इंजिनिअरची जागा कोण देतो? रेल्वेवर कोळसा टाकायचं आणि तेल घालायचं काम मिळालं. तेव्हा गाडी थोडी पळाली की थांबवायची, मग ऑइलमननं खाली उतरून सांध्यासांध्याला तेल द्यायचं. या पठ्ठ्यानं १८७२ मध्ये चालत्या वाफेच्या इंजिनाला आपोआप तेल देणाऱ्या कुपीचं पेटंट घेतलं. ज्या कामात त्याला अडकवून ठेवलं होतं, ते कामच त्यानं निकालात काढलं. मला या माणसासाठी एक अख्खा तास द्यावासा वाटतो. पण निवृत्त माणसाला वर्ग कोण देणार?

आमच्या कारंज्यावरून जाणारी शकुंतला रेल्वे याच कापसासाठी आली. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटरचा अरुंद रूळ, मालकी इंग्रजी कंपनीची. तिचं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला तयार झालं, १९२३ पासून राबलं आणि १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झालं. सत्तर वर्षं! वेगाच्या बाबतीत मात्र तिच्याविषयी काही बोलणं बरं नव्हे. चालत्या गाडीतून उतरून लोक पुन्हा चढत. पण सत्तर वर्षं टिकलं ते इंजिन ज्यांनी रोज वेळेवर तेल घातलं त्यांच्या जिवावर, एवढं मी लवाद म्हणून नोंदवून ठेवलं.

आता सिंथेटिक. या शब्दाचा अर्थ आमच्या पिढीला टेरिलीनच्या शर्टामुळं ठाऊक. न चुरगळणारा, न घाम शोषणारा, आणि महाग. तेलाचंही साधारण तसंच. जमिनीतून निघालेलं तेल म्हणजे शंभर जातींच्या लहानमोठ्या रेणूंची जत्रा. त्यातले काही थंडीत गोठतात, काही उन्हात उडून जातात. सिंथेटिकमध्ये रसायनशाळेत एकसारखे रेणू जुळवून तेल बांधतात. एकोणीसशे तीसच्या आगेमागे अमेरिकेत हा उद्योग सुरू झाला होता, पण गिऱ्हाईक नव्हतं. युद्धात जर्मनांना तेल मिळेना आणि रशियाच्या थंडीत असलेलं गोठू लागलं, तेव्हा हेरमान त्सोर्न यांच्यासारखे तिकडचे रसायनी जिवावर उदार होऊन शेकडो नवी तेलं घडवत बसले. ती विद्या पुढं जेट विमानांत गेली, आणि १९७० नंतरच्या चार-पाच वर्षांत अमेरिकेत मोटारींसाठी सिंथेटिक तेलं दुकानात आली. ॲम्सऑइल काढणारा गृहस्थ लढाऊ जेट विमानांचा वैमानिक होता. पुन्हा वैमानिकच! पण या वेळी पोट शाबूत ठेवून.

इथवर सगळं सरळ आहे. पुढं वकील आले. काही कंपन्यांनी खनिज तेलच हायड्रोजनच्या दाबाखाली इतकं शुद्ध केलं की ते जवळपास सिंथेटिकसारखं वागू लागलं, आणि डब्यावर 'सिंथेटिक' छापलं. मोबिलनं कॅस्ट्रॉलविरुद्ध अमेरिकेतल्या जाहिरातींच्या पंचायतीकडं तक्रार केली. १९९९ मध्ये निकाल लागला तो कॅस्ट्रॉलच्या बाजूनं. तेव्हापासून अमेरिकेत 'सिंथेटिक' हा शब्द बराचसा जाहिरातीचा शब्द झाला. जर्मनीत मात्र अशा तेलाला 'पूर्ण सिंथेटिक' म्हणू देत नाहीत. म्हणजे एकाच कुळातला माणूस एका गावात देशमुख आणि शेजारच्या गावात नुसता गडी. हे वाचल्यावर डब्यावरच्या मोठ्या अक्षरांवरचा माझा विश्वास उडाला आणि मी मागची बारीक अक्षरं वाचायला चष्मा पुसला.

बारीक अक्षरांत होतं '५ डब्ल्यू-३०'. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. आकडा जितका लहान, तितकं तेल थंडीत लवकर पळतं. ० डब्ल्यूवाल्या तेलाची परीक्षा उणे ३५ अंशाला होते, ५ डब्ल्यूवाल्याची उणे ३० ला, २० डब्ल्यूवाल्याची उणे १५ ला. वाशीमला पहाटे आठ-दहा अंश झाले की आम्ही शेकोटी पेटवून गाव बोलावतो. उणे ३५ ला आमच्याकडं तेल पळो न पळो, आम्ही नक्कीच पळून गेलो असतो. पुतण्याच्या शर्यतीच्या तेलावर '० डब्ल्यू-४०' लिहिलेलं. मी म्हटलं, "अरे, तू वहिनींना नागपूरला नेतोस का सैबेरियाला?" तो म्हणाला, "काका, ते तेल ट्रॅकवर जिंकलंय." शर्यतीचं तेल हे शर्यतीच्या मिस्त्रीसाठी असतं, दर शर्यतीनंतर ओतून टाकायला. वर्षभर इंजिन धुऊन-पुसून ठेवणारा मसाला त्यात बहुधा बेताचाच.

दादाचा पक्ष उलट. "आपल्याकडं चव्वेचाळीस डिग्री ऊन. तेल जाड पाह्यजे. ट्रॅक्टरले वीस-चाळीस घालतो, मेला का ट्रॅक्टर?" दादाला मिस्त्रीचा पाठिंबा. आमचा मिस्त्री बोटांत तेल चोळून जात सांगणारा. त्यानं पाच-तीसचा थेंब चोळला आणि जाहीर केलं, "मास्तर, हे तं पाण्यावानी हाय. इतकं पातय तेल उन्हायात उडून जाईन ना बाप्पा!"

युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण इंजिन वाशीमच्या उन्हात राहतच नाही. ते राहतं स्वतःच्या उन्हात. आत पाणी नव्वद-शंभर अंशांवर, तेल महामार्गावर त्याहून वर. बाहेर पौष असो की वैशाख. मागचा ३० हा आकडा शंभर अंशांवरच्या जाडीचाच असतो. आणि मिस्त्रीनं तेल चोळलं ते थंड. शिवाय टर्बो नावाच्या त्या भिंगरीचा दांडा मिनिटाला लाख-लाख फेऱ्यांच्या वर फिरतो, नुसत्या तेलाच्या पापुद्र्यावर. गाडी सुरू होताच ते तेल तिथवर पोचायला हवं. जाड तेल पहाटे रेंगाळतं. ट्रॅक्टरला टर्बो असेल-नसेल, पण त्याचा गडी इतका अधीर नसतो.

दुसरी एक भानगड मला बारीक अक्षरांतच सापडली. या नव्या इंजिनांत कमी वेगात एकदम जोर दिला तर ठिणगीच्या आधीच इंधन पेटतं आणि पिस्टन फुटू शकतो. तेलात इंजिन धुणारा जो कॅल्शियमचा मसाला असतो, तो जास्त झाला तर हा प्रकार वाढतो. म्हणून मे २०२० पासून एपीआय या अमेरिकन संस्थेनं 'एसपी' नावाचा नवा दर्जा काढला, त्यात याची परीक्षा आहे. जुन्या दर्जाचं तेल कितीही महाग असलं तरी या परीक्षेला बसलेलं असेलच असं नाही.

लवादानं निकाल देण्यापूर्वी सर्व कागदपत्रं मागवली. तेव्हा गाडीच्या कप्प्यातून कंपनीचं पुस्तक निघालं; प्लास्टिकच्या पिशवीत, सील न फोडलेलं. दीड वर्ष घरातली पाच माणसं भांडत होती आणि हा साक्षीदार समोर बसून होता. त्यात एका ओळीत लिहिलेलं: ५ डब्ल्यू-३०, अमुक दर्जा किंवा त्याच्या वरचा, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. पुतण्याचा चेहरा पडला. इतका इतिहास कशासाठी वाचला, असं त्यानं मला विचारलं नाही. तो संस्कारी आहे.

निकाल असा: सिंथेटिक, पाच-तीस, एसपी दर्जाचं, उन्हातलं आणि महामार्गावरचं धावणं पाहता दहा हजारांऐवजी साडेसात हजारांवर बदलायचं, आणि शेलूबाजारला खाली उतरल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिटभर तशीच चालू ठेवायची, म्हणजे टर्बोत अडकलेलं तेल जळून कोळसा होत नाही. दादानं शेवटच्या कलमाला हरकत घेतली, उभ्या गाडीत पेट्रोल जाळायचं म्हणजे काय! वहिनी म्हणाल्या, "मले उतराले तेवढा वेळ लागतेच." कलम मंजूर.

डबा आला. सील पाहिलं, तारीख पाहिली. साडेतीन लिटर ओतून झाल्यावर पुतण्यानं रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली. हे मात्र मला आवडलं. न फुटलेल्या डब्याला भंगारवाला जास्त भाव का देतो, हे कळायला इतिहास लागत नाही. शर्यतीच्या तेलाचा डबा, ज्याच्यावर चार हजार खर्च झाले होते, तो न फोडताच परत गेला. त्या पैशांत वहिनींच्या दोन फेऱ्यांचं पेट्रोल झालं.

जुनं काळं तेल मिस्त्रीनं डबकीत धरलं. मी विचारलं, याचं काय करणार? आमच्याकडे हे जळकं तेल वाळवी लागू नये म्हणून चौकटींना फासतात, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात. (हाताला लागू देऊ नये, ते चांगलं नसतं, असं मी दर वेळी सांगतो आणि मिस्त्री दर वेळी हात पँटला पुसतो.) मिस्त्रीच्या भाच्याची पटाची जोडी आहे, येत्या हंगामात उतरवायची म्हणतात. मी सहज म्हटलं, "छकडीच्या आसाला लाव की हे. विमानाच्या कुळातलं तेल आहे."

मिस्त्रीनं डबकीवर झाकण लावलं.

"नाही मास्तर. पटाच्या छकडीले एरंडेलच. तिचं पुस्तक कोनी छापलं नाही ना."

"नुसतं एरंडेल?"

तो इकडंतिकडं पाहून हसला आणि दादाला म्हणाला, "भाऊ, मजुरी द्या."